निघताना कुठं म्हणून विचारू नये

मी काही साधक वगैरे नाही. सकाळी गाडी पुसताना देवीचं नाव घ्यायचं, समोरच्या छोट्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची, अमावस्येला लिंबू-मिरची बदलायची आणि वरंधा घाटात गेलो तर वाघजाईपुढे नारळ फोडल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढीच माझी भक्ती. भोरच्या स्टँडवर वीसेक वर्षं मी भाड्याची गाडी चालवतोय. एवढ्या वर्षांत देवीवर आपला खरोखर विश्वास आहे का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डिकीत स्टेपनी असते तशी ती असायची, म्हणजे आहे हे माहीत, पण रोज काढून कोण बघतो. रज्जाकवर जे गुदरलं त्यानंतर मात्र हा प्रश्न पडला, आणि एकदा पडल्यावर जाईना. त्यानंतर माझ्यावर जी वेळ आली ती आज लिहून काढतोय. बायको म्हणाली, बोलून बोलून घरातल्यांचे कान किटले, आता कागदावर उतरवा आणि मोकळे व्हा. लिहिताना अजूनही हाताला घाम येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

रज्जाक आमच्या स्टँडवरचा जुना ड्रायव्हर. माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा चांगला चालवणारा आणि माझ्यापेक्षा कमी चिडणारा. आमच्या गाड्या कायम शेजारीशेजारी लागायच्या. पावसाळा नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमाराला दोन अनोळखी माणसं आली, रज्जाकच्या गाडीत बसली. तो निघाला तेव्हा मी टपरीवर चहा पीत उभा होतो. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर काम फिसकटतं, वाटेत विघ्न येतं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. चुकून कुणी विचारलंच तर निघालेला माणूस परत टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. त्यामुळं मी रीतीप्रमाणे एवढंच विचारलं, "लांब का?" त्यानं हसून हात हलवला, "लांबच." आणि गेला.

रात्री त्याच्या घरच्यांचा फोन आला की तो आला नाही आणि फोन लागत नाही. आम्ही गाड्या काढल्या, पण जायचं कोणत्या दिशेला? कुणालाच माहीत नव्हतं. स्टँडवर दहा-बारा ड्रायव्हर उभे होते, सगळ्यांनी त्याला जाताना पाहिलं होतं, आणि एकानंही विचारलं नव्हतं. आम्ही महाडच्या रस्त्याला शोधलं, हायवेला शोधलं. तो सापडला सकाळी, अगदी उलट्या बाजूला, वेल्ह्याच्या रस्त्याला मार्गासनीच्या पुढं, एका खाचराच्या बांधाखाली. गुरं घेऊन निघालेल्या माणसाला तो दिसला. डोक्यात मार होता, गाडी नेली होती, आणि रात्रभर तो चिखलात पडून होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणला असता तर डावा हात वाचला असता. हात आहे, पण त्यात जोर नाही. गिअर टाकता येत नाही म्हणजे ड्रायव्हरचं काय उरलं?

त्याच्याशी शेवटचं बोललेला माणूस मी होतो. मी "कुठं?" विचारलं असतं तर तो "मार्गासनी" म्हणाला असता, आणि आम्ही तासाभरात तिथं पोचलो असतो. हे मी कुणाला बोललो नाही. पण भीती आणि अपराधीपणा यांचं एक चमत्कारिक नातं असतं. मला दोन्ही वेगवेगळं ओळखता येईना. मागच्या सीटवर कुणी खोकलं तरी माझी पाठ ताठ व्हायची. एकटा पुरुष बसला की मी आरसा त्याच्या तोंडावर फिरवून ठेवायचो. सीटखाली टॉमी, म्हणजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा, ठेवू लागलो आणि दर थोड्या वेळानं पायानं चाचपून बघायचो. घरी जेवताना भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. वाघजाईच्या तसबिरीकडे बघून मनात यायचं, रज्जाकनंही तुझ्यापुढे गाडी थांबवली होती की, घाटात गेला की तोही नारळ द्यायचा, मग त्याच्या वेळी तू कुठं होतीस?

दवाखान्यातून आल्यावर रज्जाक घरी बसला नाही. महिन्याभरात स्टँडवर येऊ लागला, आणि त्यानंच सगळ्यांना बसवून सांगितलं, "आता रीतभात बास झाली. जो निघंल त्येला कुठं म्हनून इचारायचं, आन् लिवून ठिवायचं. म्या लिवतो, मला तरी दुसरं काय काम हाय." एका शाळकरी वहीत तो गाडी, वेळ, प्रवाशाचं नाव आणि ठिकाण लिहू लागला. जमलं तर प्रवाशाला विचारून त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. अनोळखी माणसं असली की वाटेत दोन ठिकाणी फोन करायचा, रस्त्यात कुणाला घ्यायचं नाही, असंही ठरलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. विरोध केला तो मी. म्हणालो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काहीतरी उगाच नसतं, निघताना अपशकुन करून घ्यायचा आणि वर वहीच्या भरवशावर जायचं, त्यापेक्षा देवी आहे ना. लोकांना वाटलं, मी श्रद्धाळू आहे. खरं कारण असं होतं की रज्जाकच्या तोंडून "कुठं" हा शब्द ऐकला की मला तो बांध दिसायचा. वही सुरू झाली तरी मी दर वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून निसटायचो.

दिवाळी होऊन गेली होती. भातकापणीचे दिवस होते, दुपारचे साडेतीन वाजले असतील. तीन माणसं आली. तिशीच्या आतबाहेरची, कपडे नीटनेटके, एकाच्या हातात छोटी बॅग. पुढं झालेला म्हणाला, "काका, घाटातल्या देवीला जायचंय. नवस आहे." त्या एका शब्दानं माझी सगळी सावधगिरी वितळली. इतके दिवस प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे संशयानं बघणारा मी, देवीचं नाव ऐकल्याबरोबर दार उघडून मोकळा झालो. रज्जाक वही घेऊन खिडकीशी आला. "कुठं रं?" म्हणाला, आणि उजव्या हातानं मोबाईल वर केला. पुढं बसलेल्या माणसानं मान पलीकडे वळवली. हे रज्जाकनं पाहिलं, मीही पाहिलं. पण मला राग आला तो रज्जाकचा. "भल्या माणसांचे कसले फोटो काढतो? आणि निघताना कुठं विचारू नये, एवढं कळत नाही का तुला?" सगळ्यांसमोर त्याला बोललो. एवढ्यावर थांबलो नाही. त्यानं "कुठं" म्हटलं होतं म्हणून गाडी बंद केली, बाटलीतलं घोटभर पाणी प्यालो, मग परत चावी फिरवली आणि उत्तर न देता निघालो. आरशात तो वही छातीशी धरून उभा दिसला.

भोर सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मी हौसेनं वाघजाईबद्दल सांगत होतो. कुणी हूं का चूं करेना. नवसाला निघालेली माणसं अशी नसतात. ती बोलतात, कुणाचं बाळंतपण अडलं होतं, कुणाला नोकरी लागली, हे न विचारता सांगतात. निगुडघरला दुकानापाशी मी गाडी हळू केली आणि म्हणालो, "नारळ, ओटीचं सामान हितं घ्या." पुढचा म्हणाला, "नको. वर मिळेल." वर एरवी काही मिळत नाही, हे एकदा तरी गेलेल्याला माहीत असतं. आणि नवसाचा नारळ कुणी असा वरच्या भरवशावर टाकत नाही. मी म्हटलं, गाडी जरा तापलीय, पाणी घालतो. मागून आवाज आला, "काका, थांबू नका." शब्द साधेच होते. पण थांबणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही, हे त्या आवाजावरून कळलं.

पुढं रस्ता धरणाच्या पाण्याकडेनं जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, मध्ये वळणावर वळणं. एरवी मला हा रस्ता फार आवडतो. त्या दिवशी मोबाईलवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून जाताना दिसत होत्या. शेवटची रेघ गेली तसा पुढच्यानं हात लांब करून माझा मोबाईल उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला. त्याच वेळी माझ्या उजव्या कुशीत, सीट आणि दाराच्या फटीतून, काहीतरी टोकदार लागलं. मी खाली पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. मागचा अगदी शांतपणे म्हणाला, "गाडी चालवत राहा. घाटात तुम्हाला सोडतो." रज्जाकलाही हेच सांगितलं होतं, की सोडतो.

भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इतके महिने मी जिला भीती म्हणत होतो ती नुसती काळजी होती. खऱ्या भीतीत माणूस विचार करत नाही, काहीतरी भलतंच मनात येतं. मला सीटकव्हर आठवलं. दिवाळीला नवीन घातलं होतं, आता रक्तानं खराब होणार, बायको किती हळहळेल, असं वाटलं. टॉमी पायाखाली होती. ती आठवलीसुद्धा नाही, आणि आठवली असती तरी चालत्या गाडीत सुरीच्या टोकापुढे तिचं काय करणार होतो? मग देवीचं काही म्हणावं म्हणून आरती आठवायला गेलो. रोज म्हणतो ती आरती. पहिला शब्दसुद्धा येईना. वाघजाई हे नावही येईना. तोंडात फक्त "आई" आलं, आणि ते देवीला म्हटलं की वारलेल्या माझ्या आईला, मला आजही सांगता येणार नाही.

त्या दोन-चार वळणांत मी देवीशी आधी सौदा केला. सुटलो तर हे करीन, ते वाहीन. मग भांडलो. तुझ्या नावावर फसलो, आता तूच बघ. आणि एका वळणावर मला माझाच कंटाळा आला. रज्जाक वही घेऊन उभा होता, त्यानं हात पुढं केला होता, आणि तो हात झिडकारून मी आता देवीचा हात मागत होतो. मी कुठं चाललोय हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आणि ते माझ्याच हट्टानं. मनात म्हणालो, "आई, आता माझ्यानं काही होत नाही. चूक माझी हाय." यापलीकडे काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

हिर्डोशी अजून तीनेक मैलांवर असेल. ऊन डोंगराच्या पलीकडे गेलं होतं, रस्त्यावर सावली आणि वर कड्यावर अजून उजेड. एका वळणाला भाताची खाचरं रस्त्यापर्यंत उतरलीत. ते वळण घेतलं आणि समोर रस्ता अडवून बायका उभ्या. पाच-सहा जणी, कापणीवरून परतणाऱ्या, डोक्यावर पाट्या. मधोमध एक म्हातारी, पदर कमरेला खोचलेला, विळा धरलेला हात वर केलेला. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगितलं तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही.

"थांबायचं नाही. घाल अंगावर, सरकतील," पुढचा दातओठ खात म्हणाला. कुशीतलं टोक आत रुतलं. मी धैर्य दाखवलं असं कृपा करून कुणी समजू नका. या रस्त्याला एसटी दिवसातून एखाद-दुसरी. वीस वर्षांत हात केलेल्या म्हातारीला मागं टाकून मी कधी गेलो नव्हतो, आणि त्या सवयीनं पाय आपला आपण ब्रेकवर गेला. गाडी थांबली तोवर म्हातारी खिडकीशी पोचलीसुद्धा होती. तिनं काचेवर विळ्याची मूठ आपटली.

"आरं दार उघड की! बगत काय बसलाय? सकाळधरनं वाकून वाकून कमरंचा काटा ढिला झालाय."

मी कुलूप काढलं. बायकांनी एका वेळी तिन्ही बाजूंनी दारं उघडली. कुशीतलं टोक निघालं, ते कधी निघालं तेही कळलं नाही. "सर की रं बाबा तिकडं, म्हातारीला टेकू दी," म्हणत ती पुढच्या माणसाला रेटून त्याच्याच सीटवर बसली आणि आपली पाटी तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. पाटीत बाकीच्यांचे विळे होते. मागं दोघी त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना घुसल्या, तिघी सगळ्यात मागं. गाडीत भाताच्या पेंढ्याचा आणि घामाचा वास भरून गेला. कुसळं उडत होती, चिखलाचे पाय सीटवर होते, आणि माझ्या आयुष्यात मला इतकी सुंदर घाण कधी दिसली नव्हती. तरीही भीती संपली नव्हती. उलट वाढली. आता मेलो तर मी एकटा मरणार नव्हतो.

म्हातारीचं नाव चिमाबाई, हे मला नंतर कळलं. तिनं मला विचारलं, "कुठं चाललायस?" मी गिअर टाकला आणि समोर बघत राहिलो. तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. आमच्याकडच्या बायकांनी चौकशीला सुरुवात केली की तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. "कुनाचं पाव्हणं म्हनायचं तुमी? गाव कंचं?" पुढचा म्हणाला, "देवीला चाललोय." त्याच वेळी मागचा म्हणाला, "महाडला." मागून एक तरणी बाई हसून म्हणाली, "देवीला, आन् रिकाम्या हातानं? अवं, नारळ तरी घ्यायचा." चिमाबाईनं माझ्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहिलं.

"ड्रायव्हर, तुला ताप-बिप हाय का? हात लई कापत्यात तुजं."

"व्हय मावशी," एवढंच म्हणालो.

"मग बिगीबिगी चल. गावात घी गाडी. हे पाव्हणं बी उतरत्याल, च्या पित्याल."

ते तीन मैल मी कसे चालवले ते देवीलाच ठाऊक. आरशात मधल्या सीटवरच्या माणसाचा हात बॅगेत होता आणि त्याच्या शेजारच्या बाईनं विळा उभा धरला होता, खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून. दर वळणाला तो विळा त्याच्या गुडघ्याकडे झुकायचा आणि तो आक्रसून बसायचा. बायका उद्या कुणाचं खाचर कापायचं यावर भांडत होत्या. आज हिच्याकडे सगळ्या, उद्या तिच्याकडे सगळ्या, अशी त्यांची पाळी असते. मी त्यांचं एकेक वाक्य धरून पुढं सरकत होतो. बोलायच्या थांबू नका, बायांनो, एवढंच मनात चाललं होतं.

हिर्डोशीत शाळेपाशी गाडी थांबवली, चावी काढली, दार उघडलं आणि खाली उतरून मातीतच बसलो. ते तिघं उतरले. घाटाच्या दिशेनं आधी सावकाश चालले, मग भरभर, आणि वळणापलीकडे रस्ता सोडून करवंदीच्या जाळीत शिरले. तेव्हा कुठं मी काय झालं ते सांगितलं. सदरा वर केला तर कुशीत दोन बोटं लांब चीर होती, रक्त विजारीपर्यंत आलं होतं. चिमाबाईनं कपाळावर हात मारला. गावातले चार जण काठ्या घेऊन जाळीकडे धावले, पण तोवर ते दूर गेले होते. पुढं तक्रार झाली, जबाब झाले, काही दिवसांनी त्यातले दोघे सापडले. रज्जाकला मारणारे तेच होते का, हे त्यालाही ओळखता आलं नाही. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

शाळेच्या कट्ट्यावर चढलं की रेंज येते, असं कुणीतरी म्हणालं आणि मोबाईल हातात दिला. माझ्या फोनमधले सगळे नंबर फोनबरोबर गेले होते. पाठ होता तो एकट्या रज्जाकचा. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. माझा आवाज ऐकल्याबरोबर तो एकच शब्द ओरडला, "कुठं?"

"हिर्डोशीत," मी म्हणालो. "हिर्डोशीत हाय मी, रज्जाक. शाळेपाशी. हिर्डोशीत." तेच तेच सांगत राहिलो. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं त्या एका गावाच्या नावातून बाहेर पडत होतं. पलीकडे तो रडत होता. फोटोच्या वेळी त्या माणसानं तोंड फिरवलेलं त्याला खटकलं होतं. मी निघाल्यावर अर्ध्या तासानं तो फोन लावू लागला, आणि फोन लागेना तेव्हा त्यानं दोन गाड्या मला शोधायला पाठवल्या होत्या. मार्गासनीच्या रस्त्याला. त्याला बिचाऱ्याला तीच दिशा सुचली. म्हणजे माझं काही झालं असतं तर मीही सकाळीच सापडलो असतो.

त्यानंतर दोन महिने मी गाडीला हात लावला नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीकडे पाठ करून बसायचो. घरचे म्हणायचे, देवीनं राखलं, आता घाबरायचं कशाला? त्यांना कसं सांगू की वाचलेला माणूसही घाबरतो, जास्तच घाबरतो. पौषात एक दिवस नारळ आणि ओटी घेऊन एसटीनं हिर्डोशीला गेलो. चिमाबाई अंगणात पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मी साडी पुढं केली आणि म्हणालो, मावशी, तुम्ही माझा जीव वाचवलात. ती चक्क वैतागली.

"म्या कुटली वाचवतीया? आमी रोज चालतच येतो. त्या दिशी हा गुडगा आसा धरला, पाय उचलंना. म्हनलं, जी गाडी यील तिला आडवं व्हायचं, मग ती कुनाची आसंना. ती तुजी निगाली. मला काय ठावं तुज्या गाडीत काय चाललंय?"

मला वाटलं होतं ती म्हणेल की स्वप्नात दृष्टान्त झाला, किंवा गाडी बघून मनात काहीतरी आलं. तसलं काही नव्हतं. एका म्हातारीचा गुडघा दुखला. यात देवी कुठं होती, हे मी कुणाला पटवायला जाणार नाही. मला ती दिसली, इतकंच. मी साडी तिच्या ओटीत घातली, पायांना हात लावला आणि म्हणालो, उद्या तुम्हाला भोरला हाडांच्या डॉक्टरकडे नेतो. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की गाडी मलाच चालवायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गाडी आणली. रज्जाकनं वही उघडली आणि विचारलं, "कुठं?" पाणी न पिता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आता आमच्याकडे सगळेच सांगतात. निगुडघरला आणि मार्गासनीला ओळखीच्या दुकानदारांना फोन जातो, गाडी तिथून गेली की तो उलटा निरोप देतो. वेळेत निरोप आला नाही तर स्टँडवरून दोन गाड्या निघतात, आणि बरोबर दिशेला निघतात. वाटेत हात करणाऱ्यांना घ्यायचं नाही हा नियम मात्र मी मोडायला लावला. अनोळखी माणसं गाडीत असली की वाटेतल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांना मुद्दाम घ्यायचं, असं आता आम्ही करतो. देवी आहे म्हणून वही नको, असं मला वाटायचं. आता वाटतं, तिचेच हात कधी वही धरतात, कधी विळा, आणि आपण नको म्हणत पुढं जातो.

त्या पहिल्या दिवशी हिर्डोशीहून येताना चिमाबाई माझ्या शेजारी बसली होती. धरणाकडेच्या त्या वळणांवर माझे तळवे परत ओले झाले. वाटलं, बाजूला घ्यावी गाडी. तिच्याशी बोलून जरा धीर येईल म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर ती गाढ झोपली होती. तोंड उघडं, दुखरा पाय समोर पसरलेला, मान माझ्या बाजूला कललेली. माझी तिची ओळख होऊन किती दिवस झाले होते? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि हात कापणारा ड्रायव्हर. तरी ती सगळा भार टाकून झोपली होती. देवीपुढे इतके नारळ फोडले, पण असं मला एकदाही टाकता आलं नव्हतं. माझी भीती गेली नाही. अजूनही जात नाही. फक्त त्या दिवशी, तिची झोप मोडू नये म्हणून, मी प्रत्येक वळण अगदी हळू घेतलं.